जुन्या व्यापारी इमारतीचे कलाकेंद्र करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

वखार, पेढी, गिरणीतले शेड, बर्फाचा कारखाना, नाट्यगृह किंवा दुकानांची जुनी माडी अशी एखादी व्यापारी वास्तू हाती असलेल्या मालकांसाठी आणि विश्वस्तांसाठी, तसेच अशी वास्तू घेऊन तिथे तालमी, प्रदर्शने, कार्यशाळा व वाचनालय सुरू करू पाहणाऱ्या संस्थांसाठी हे पान आहे. नियमांचे तपशील प्रामुख्याने मुंबईचे दिले आहेत. इतर शहरांत विकास नियंत्रण नियम वेगळे असतात, परंतु चुना, लोखंड आणि पाऊस यांचे वागणे सगळीकडे सारखेच.

कलेसाठी नवी जागा बांधण्यापेक्षा जुनी व्यापारी इमारत घेण्यात काय अर्थ आहे?

माल ठेवण्यासाठी बांधलेल्या वास्तूत उंच छत, रुंद खण, मजबूत जमीन आणि मोठी दारे आयतीच मिळतात. तालमीला आणि प्रदर्शनाला नेमके हेच लागते, आणि आजच्या भावात नव्याने बांधायला हेच सर्वांत महाग पडते. मुंबईत महालक्ष्मीच्या लक्ष्मी मिल वसाहतीतल्या जुन्या औद्योगिक जागेत ‘जी5ए’ हे प्रयोगशील नाट्य, संगीत व चित्रपटांचे केंद्र उभे राहिले, तर बॅलार्ड इस्टेटमधल्या जुन्या बर्फ कारखान्यात आता प्रदर्शने व कार्यक्रम होतात. केरळात फोर्ट कोची येथे 1867 मध्ये स्थापन झालेल्या ॲस्पिनवॉल या व्यापारी कंपनीच्या आवारात 12 डिसेंबर 2012 रोजी कोची-मुझिरिस बिएनाले हे दर दोन वर्षांनी भरणारे कलाप्रदर्शन सुरू झाले. ते उभे करणारे बोस कृष्णमाचारी व रियास कोमू हे दोघेही मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून शिकलेले.

मात्र प्रत्येक जुनी इमारत या कामाची नसते. पेढ्यांच्या इमारतींत लहान खोल्या, मधोमध भार पेलणाऱ्या भिंती आणि अरुंद जिने असतात. तिथे दोनशे प्रेक्षकांचे सभागृह बसवण्याचा हट्ट धरला, तर इमारतही जाते आणि सभागृहही धड होत नाही. अशा जागेत कलाकारांच्या खोल्या, छोटे छापखाने, वाचनालय किंवा संगीतवर्ग शोभतात.

कामाची सुरुवात कुठून करावी?

बहुतेक संस्था दर्शनी भागाच्या रंगापासून सुरुवात करतात, कारण देणगीदाराला दाखवता येते ते तेवढेच. आमचा सल्ला उलटा आहे. पाचव्या वर्षी, उद्घाटनाचा उत्साह ओसरल्यावर, या इमारतीत मंगळवारी दुपारी कोण असेल, किती जण असतील आणि त्यांच्यापैकी कोण भाडे भरत असेल, हे आधी कागदावर लिहावे. जमिनीवर येणारा भार, आगीचे मार्ग, शौचालयांची संख्या, विजेची मागणी, पालिकेकडे मागायचा वापर-बदल आणि निधीचे स्वरूप हे सगळे त्या एका उत्तरावर ठरते. वापर न ठरवता केलेली डागडुजी दोनदा करावी लागते. दुसऱ्या वेळी पहिल्या वेळचे नवे काम फोडावे लागते.

त्यानंतरची पायरी मोजणी आणि नोंदणीची. प्रत्येक खोलीचे मोजमाप, प्रत्येक भेगेचे छायाचित्र, प्रत्येक दाराची जाडी, खिळ्यांसकट. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु पुढे वारसा समितीसमोर, बँकेसमोर आणि कंत्राटदाराशी वाद झाला तर लवादासमोर हीच वही उपयोगी पडते.

इमारत वारसा यादीत आहे. मग आत काही बदल करताच येणार नाही का?

हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. मुंबईत वारसा नियमावली 1995 मध्ये आली आणि आज ती विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 चा भाग आहे. यादीत श्रेणी 1, श्रेणी 2-अ, 2-ब आणि श्रेणी 3 असे भाग आहेत. श्रेणी 1 मध्ये इमारत टिकवण्यासाठी अत्यावश्यक असेल तेवढाच हस्तक्षेप मान्य होतो. श्रेणी 2-अ मध्ये अंतर्गत बदल आणि नवा वापर सर्वसाधारणपणे चालतो, बाह्यरूपाची मात्र काटेकोर छाननी होते. 2-ब मध्ये त्याच भूखंडावर सुसंगत असे वाढीव बांधकामही विचारात घेतले जाते. श्रेणी 3 मध्ये आतले-बाहेरचे बदल आणि नवा वापर बहुतांशी शक्य असतो. म्हणजे जुन्या वास्तूला नवे काम देणे नियमांना मान्यच आहे. प्रस्ताव मुंबई वारसा संवर्धन समितीकडे पालिकेमार्फत जातो. वारसा जतनाचा अनुभव असलेला वास्तुविशारद नसेल, तर प्रस्ताव नुसताच फेऱ्या मारत राहतो.

दक्षिण मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूह 2018 मध्ये जागतिक वारसा यादीत आला. त्या क्षेत्रात किंवा त्याच्या संरक्षक पट्ट्यात इमारत असेल, तर ती स्वतः श्रेणीबद्ध नसली तरी तपासणी होऊ शकते, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे.

यादीत नसेल तर मोकळीक आहे?

कायद्याने बरीच. परंतु वापर-बदलाची परवानगी, अग्निशमन दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि संरचना स्थैर्याचा दाखला कोणालाच चुकत नाही.

इमारतीत जुने भाडेकरू आहेत. त्यांचे काय करायचे?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे आणि त्याने पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन भाडेहक्क देण्याच्या, व्यवहारालाही मान्यता दिली आहे. त्यामुळे तळमजल्यावरचा घड्याळजी किंवा कागद व्यापारी हा केवळ ‘अडथळा’ नसतो, त्याचा तिथे कायदेशीर हक्क असतो. ज्या कंपन्यांचे भरणा झालेले भागभांडवल 1 कोटी रुपये किंवा अधिक आहे त्यांना, तसेच बँकांना या कायद्याचे संरक्षण नाही. लहान दुकानदाराला ते आहे.

व्यवहाराच्या बाजूनेही दुकानदार राहू देणे शहाणपणाचे ठरते. सकाळी सातला दुकान उघडणारा माणूस इमारतीला जाग देतो, चोरी-गळती त्याला आधी कळते, आणि कलाकेंद्र आपल्यासाठी आहे की नाही याचा अंदाज गल्लीतले लोक त्याच्या चेहऱ्यावरून बांधतात. दुरुस्तीच्या काळात त्याला पर्यायी गाळा, परत येण्याचा नोंदणीकृत करार आणि काम रखडल्यास भरपाई, या तीन गोष्टी लेखी दिल्या तर निम्मे खटले उभेच राहत नाहीत.

संस्था स्वतःच भाडेकरू असेल तर नियम आणखी सोपा आहे: अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेल्या जागेत छप्पर बदलू नये. दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा हाती येईपर्यंत केवळ हलवता येईल असेच सामान आणावे.

इमारत इतकी वर्षे उभी आहे. मग संरचना तपासणीवर खर्च कशाला?

कारण ती ज्या भाराखाली उभी आहे, तो भार आपण बदलणार आहोत. भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागानुसार, साठवणीची वेगळी सोय असलेल्या कार्यालयाच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला सुमारे 250 किलो भार धरतात. पक्क्या खुर्च्यांच्या सभागृहासाठी तोच सुमारे 400 आणि मोकळ्या सभागृहासाठी सुमारे 500 किलो होतो. म्हणजे जिथे चार कारकून बसत होते तिथे नृत्यवर्ग भरवायचा, तर जमिनीची अपेक्षा दुप्पट झाली, आणि शंभर पावले एका ठेक्यात पडतात तेव्हा होणारे कंपन वेगळेच. पुस्तकांच्या मांडण्यांचा भार याहूनही जास्त धरावा लागतो. वखारींना हा प्रश्न कमी भेडसावतो, कारण त्या मुळातच मालाच्या राशींसाठी बांधलेल्या असतात. साध्या उपायांनीही पुष्कळ काम होते: वाचनालय आणि नृत्य तळमजल्यावर, कार्यालय आणि चित्रकारांच्या खोल्या वर.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या अनेक व्यापारी इमारतींत लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामधल्या विटांच्या उथळ कमानी असे छत असते. तपासणीत छताखाली शिडी लावून गर्डरचा तळ पाहावा, विशेषतः न्हाणीघराखालचा आणि भिंतीत शिरणारे त्याचे टोक. वरून रंगाचा गुळगुळीत थर दिसतो. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक लावताच पापुद्र्यासारख्या खपल्या हातात येतात आणि आतले लोखंड किती उरले ते कळते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो, म्हणून दगडात रुतलेली गंजलेली पट्टी किंवा आकडा बाहेरून धडधाकट वाटणारा दगड फोडून काढतो. दर्शनी कोपऱ्यावरची उभी भेग पाहून लोक पाया खचला असे समजतात. पुष्कळदा दोष असतो तो भिंतीतल्या गंजलेल्या पट्टीचा.

पालिकेने ‘धोकादायक’ अशी नोटीस लावली आहे. म्हणजे सगळे संपले का?

नाही, पण घाई करावी लागते आणि माणसांचा जीव पणाला लावता येत नाही. मुंबईत सी-1 म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-2अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी, सी-2ब म्हणजे रिकामी न करता संरचनेची दुरुस्ती करण्याजोगी आणि सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. दोन तपासण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी आले, तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते.

काळाघोडा भागातले एस्प्लनेड मॅन्शन हे या वादाचे ठळक उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी भाग जहाजाने आणून 1860 च्या दशकात इथे जोडलेले हे मूळचे वॉटसन हॉटेल. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती इथेच दाखवल्या गेल्या. पुढे हॉटेल बंद होऊन छोट्या खोल्या आणि वकिलांची कार्यालये झाली, 2005 मध्ये एक भाग कोसळून जीवितहानी झाली आणि 2019 मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. एका तांत्रिक अहवालाने पाडण्याची शिफारस केली, तर नंतरच्या तज्ज्ञांच्या पाहणीने ती वाचवता येते असे म्हटले. दुमत झाले ते लोखंडी सांगाडा ओळखणाऱ्या आणि न ओळखणाऱ्या नजरांमुळे, असे आमचे मत आहे. म्हणून तपासणीसाठी केवळ आरसीसीचा, म्हणजे लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचा नव्हे, तर ओतीव लोखंड, दगड आणि लाकूड यांचा अनुभव असलेलाच संरचना अभियंता नेमावा.

गिलावा चुन्याचाच का हवा? सिमेंट अधिक मजबूत नाही का?

सिमेंट अधिक कडक असते, आणि जुन्या भिंतीला नेमका तोच कडकपणा बाधतो. विटा, मऊ दगड आणि चुना यांची जाड भिंत जमिनीतून व पावसातून ओल घेते आणि पृष्ठभागावाटे ती सोडून देते. सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक रंग लावला की बाहेर पडण्याची वाट बंद होते. ओल आत अडकते, क्षार साचतात, लोणा लागतो, आणि काही पावसाळ्यांनी गिलावा विटेची पाठ घेऊनच निखळतो. कुर्ला, मालाड किंवा पोरबंदरच्या दगडाच्या सांध्यांत सिमेंट भरले, तर झिजते ते सांध्याचे मिश्रण नव्हे, दगडाची कड.

चुन्याचे काम मात्र वेळ मागते. कळीचा चुना विरवून तो पाण्याखाली मुरू द्यावा लागतो. मग वाळू आणि विटांची भुकटी म्हणजे सुरखी मिसळून तो घाण्यात मळतात. जुन्या कामांत गूळ, हिरड्याचे पाणी आणि बेलफळाचा गर घालण्याची रीत होती, आणि काही गवंडी आजही ती पाळतात. प्रमाण मात्र पोथीतून घेऊ नये. भिंतीवरचा मूळ गिलावा प्रयोगशाळेत तपासून ठरवावे. भिंतीच्या आड असलेल्या कोपऱ्यात हातभर नमुना करून तो एक पावसाळा पाहिला, तर कंत्राटदाराच्या आश्वासनांपेक्षा तोच जास्त सांगतो.

सगळा जुना गिलावा खरवडून काढण्याची गरज क्वचितच असते. बोटाच्या पेराने ठोकत जावे. पोकळ आवाज येतो तिथे खडूने रेघ ओढावी आणि तेवढाच भाग बदलावा. जिन्याच्या आडोशाला रंगाचे थर चाकूने पायऱ्यांसारखे एकेक उलगडले, की वरच्या पांढऱ्या डिस्टेंपरखाली पिवळा, त्याखाली हिरवा आणि सर्वांत खाली इमारतीचा पहिला निळसर चुना दिसतो. रंगाचा निर्णय त्या छोट्या खिडकीत बघून घ्यावा.

लाकूडकाम?

बर्मा सागाचे खांब, तुळया आणि कडीपाट अजूनही बहुधा चांगले असतात. सडतात ती भिंतीत शिरणारी टोके आणि गळक्या पन्हळीखालचा भाग. संपूर्ण तुळई बदलण्याऐवजी सडलेले टोक कापून जुन्याच सागाचा तुकडा सांधावा किंवा पोलादी पट्ट्यांनी आधार द्यावा. पाडलेल्या वाड्यांचे आणि चाळींचे सागवान बाजारात मिळते आणि ते नव्या लाकडापेक्षा अधिक मुरलेले असते. वाळवी-प्रतिबंधक प्रक्रिया लाकूडकाम झाकले जाण्याच्या आधी करावी, नंतर नव्हे.

कामाला किती काळ लागतो आणि पावसाळ्याचे काय?

मुंबईत वर्षाला 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणून छप्पर, कौले, पन्हळी आणि बाहेरचा गिलावा ऑक्टोबर ते मे या काळातच उरकावा लागतो. ताजा चुना मुसळधार पावसात धुऊन जातो आणि भर उन्हात पाणी मारले नाही तर तडकतो. परवानगी मार्चमध्ये मिळाली तर बाहेरचे काम सुरू न करता केवळ छताचे तात्पुरते आच्छादन आणि टेकू लावून पुढच्या हंगामाची वाट पाहावी. विश्वस्तांना ही वाट पाहणे फार जड जाते.

आगीच्या नियमांमुळे जुन्या जिन्याचे रूप बिघडते. सवलत मिळते का?

रूपाबाबत तडजोड करता येते, सुटकेच्या मार्गाबाबत करू नये. 29 डिसेंबर 2017 रोजी लोअर परळच्या कमला मिल आवारातल्या आगीत 14 जणांचा मृत्यू झाला. गच्चीवरचे ज्वलनशील आच्छादन आणि बाहेर पडण्याच्या मार्गांची दुरवस्था या दोन्ही गोष्टी त्यानंतर चर्चेत आल्या. गिरण्यांच्या आवारातल्या प्रत्येक नव्या वापरावर त्या घटनेची छाया आहे आणि ती असायलाच हवी.

व्यवहारात तीन उपाय उपयोगी पडतात. दुसरा जिना मागच्या बाजूला, मूळ भिंतींना न चिकटवता, स्वतंत्र पोलादी सांगाड्यावर उभारावा, म्हणजे तो उद्या काढताही येतो. प्रेक्षकसंख्या इमारतीच्या दारांच्या रुंदीवरून ठरवावी, तिकीटविक्रीच्या अपेक्षेवरून नव्हे. आणि वीजवाहिन्या पूर्णपणे नव्या घालाव्यात, कारण जुन्या लाकडी पट्टीतल्या तारांवर रंगमंचाचे दिवे लावणे म्हणजे आग विकत घेणे होय. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. त्याची तरतूद पहिल्या अंदाजपत्रकातच असावी.

चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी काय करता येते?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 वारसा इमारतींना सरसकट सूट देत नाही. एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबीचा उतार लागतो, तो दर्शनी जोत्यावर बसत नसेल तर बाजूच्या मालवाहू दारातून द्यावा. वखारींना असे दार असतेच. फक्त ते ‘मागचे दार’ राहू नये: फलक, दिवा आणि तिकीटखिडकी तिथेही असावी.

निधी कुठून येतो?

कंपनी कायदा 2013 च्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांचे संरक्षण आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारतींचा जीर्णोद्धार यांचा समावेश आहे, त्यामुळे कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा (सीएसआर) निधी मागता येतो. त्यासाठी संस्थेकडे आयकर सवलतीची नोंदणी (12-अ व 80-जी या नावांनी ओळखली जाणारी) आणि एप्रिल 2021 पासून सक्तीची झालेली सीएसआर-1 नोंदणी हवी. मुंबईत वारसा इमारतीमुळे वापरता न येणारे चटईक्षेत्र, म्हणजे बांधकामाला परवानगी असलेले क्षेत्रफळ, हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपाने विकण्याची तरतूदही काही अटींवर आहे. मालकाला पाडण्याच्या मोहापासून दूर ठेवणारा सर्वांत ठोस उपाय तोच.

देणगीदाराला दगड आवडतो, पगार आवडत नाही. छप्परासाठी पैसे मिळतात आणि त्या छपराखाली काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या वेतनासाठी मिळत नाहीत. म्हणून मिळालेल्या रकमेचा एक भाग देखभाल निधी म्हणून बाजूला ठेवण्याची अट संस्थेने स्वतःहून करारात घालावी.

केंद्र चालवायचे कशावर? उपाहारगृह पुरेसे नाही का?

उपाहारगृह चांगले चालले तर दोन-तीन वर्षांत इमारत त्याचीच होते आणि कला त्याच्या भिंतीवरची शोभा. आमच्या मते उत्पन्न मिश्र असावे. रस्त्याकडचे गाळे बाजारभावाने, वरच्या खोल्या कलाकारांना व छोट्या व्यवसायांना सवलतीने आणि मोठे दालन तासावर. सवलतीच्या भाड्याचा वाटा किती आणि तो किती वर्षे बदलणार नाही, हे न्यासपत्रात किंवा संस्थेच्या नियमावलीत लिहून ठेवावे. तोंडी शब्द पहिल्या तंगीत विरघळतो.

गिरगावचे रॉयल ऑपेरा हाऊस इथे आठवते. 1911 मध्ये उद्घाटन झालेल्या या व्यावसायिक नाट्यगृहात बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ गाजले, पुढे ते चित्रपटगृह झाले आणि 1990 च्या दशकात बंद पडले. गोंडलच्या राजघराण्याने वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडून त्याचा जीर्णोद्धार करून घेतला, 2016 मध्ये ते पुन्हा उघडले आणि 2017 मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. तिथे दीर्घकाळ धीर धरणारा मालक होता. ज्यांच्याकडे असा मालक नाही, त्यांनी त्याची जागा भरून काढणारी आर्थिक घडी आधी बसवावी.

कार्यक्रमांसाठी कोणत्या परवानग्या लागतात?

तिकीट लावून होणाऱ्या नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. सार्वजनिक करमणुकीच्या जागेसाठी पोलिसांचा परवाना आणि वाजवल्या जाणाऱ्या संगीताचे हक्क वेगळे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्या जागेत ध्वनिक्षेपक चालत नाही, त्यामुळे अंगणातले कार्यक्रम साडेनऊला संपतील असेच आखावेत.

जुन्या यंत्रांचे आणि पाट्यांचे काय करावे?

वजनकाटा, मालाचा पाळणा, भिंतीवर रंगवलेली पेढीची पाटी, हजेरीची खिडकी यांना हलवू नये, चमकवूही नये. गिरणगावात 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ज्यांचे काम कायमचे गेले, त्यांची मुले-नातवंडे आजही आसपास राहतात. त्यांच्याकडून यंत्राचे नाव, पाळीची वेळ आणि खात्याची रचना विचारून घ्यावी आणि त्यांना केंद्रात नोकरीत, समितीत आणि प्रेक्षकांत जागा द्यावी. फक्त छायाचित्रांच्या भिंतीवर जागा देऊन भागत नाही.

सगळे काम पूर्ण होईपर्यंत इमारत बंदच ठेवावी का?

शक्यतो नको. तळमजल्याचा एक खण सुरक्षित करून, बाहेर पडण्याची स्वतंत्र वाट ठेवून, तिथे वाचन किंवा छोटे प्रदर्शन सुरू करता येते. लोक प्रत्यक्ष कसे वावरतात ते दिसले की उरलेल्या मजल्यांच्या आराखड्यातल्या चुका कागदावरच दुरुस्त होतात. मात्र परांची उभी असताना लोकांना आत सोडण्याआधी विमा आणि अभियंत्याची लेखी संमती घ्यावी.

उघडल्यानंतर देखभाल किती?

मे महिन्यात पन्हळी आणि कौले साफ करणे, भिंतीत उगवलेली पिंपळाची रोपे मुळासकट काढणे, जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पोटमाळ्यावर बॅटरी घेऊन एक फेरी मारणे आणि दिवाळीनंतर चुन्याचा हात देणे, एवढे दरवर्षी. या कामांसाठी नावानिशी एक माणूस पगारावर असावा.